आत्ता काय निघतंय?

पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या मेसचं गणित साधं असतं. समजा ऐंशी मेंबर आहेत, त्यातल्या सहा जणांनी आदल्या रात्रीच खाडा सांगितलाय आणि दोघांकडे गेस्ट येणार आहेत. म्हणजे शहात्तर पानं. कणीक किती भिजवायची, तांदूळ किती धुवायचे, बटाटे किती चिरायचे, हे सकाळी आठलाच ठरून जातं. भाजी एक, उसळ एक, आमटी-भात. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद. दोन वाजता धापा टाकत आलेल्या मेंबराला काकू शांतपणे सांगतात, "संपलं रे." तो हिरमुसतो. खरं तर त्याने खूश व्हायला हवं, कारण ज्या घरची पातेली रोज दोनला घासायला पडतात तिथे कालची भाजी आज पानात येण्याची शक्यता फार कमी.

आता हायवेवरचं एखादं 'फॅमिली रेस्टॉरंट' घ्या. प्लॅस्टिकमध्ये घातलेलं बारा पानी मेन्यू कार्ड. त्यात पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, तंदूर, मालवणी थाळी आणि मुलांसाठी पिझ्झा. आज किती गिऱ्हाईक येईल आणि आलेलं गिऱ्हाईक काय मागेल, मालकाला काहीच ठाऊक नसतं. तरी कार्डावर छापलेल्या पदार्थाला 'नाही' म्हणायची सोय नाही. मग फ्रीझर येतो, अर्धवट तळून ठेवलेले कोफ्ते येतात, मायक्रोवेव्ह येतो. आचारी वाईट असतो असं नाही. अंदाज बांधायला त्याच्या हातात काही नसतं, एवढंच.

साध्या हॉटेलातल्या खाण्याची चव, ताजेपणा आणि किंमत या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी या अंदाजावर उभ्या असतात. आज काय खपेल, किती खपेल आणि किती वाजता खपेल? आपल्याकडच्या खाणावळी, इराणी, उडुपी, ढाबे यांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. कुणी तो कसा सोडवलाय ते कळलं, की परक्या गावातही काय मागवावं याचा फार विचार करावा लागत नाही.

खाणावळीने तो सगळ्यात आधी सोडवला. मुंबईत १८५० च्या दशकात पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढच्या पन्नास वर्षांत कोकण, सातारा, कोल्हापूर भागातून हजारो पुरुष बायकामुलं गावी ठेवून परळ-लालबागला आले. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपायला. त्यांना जेवू घालायचं काम चाळीतल्याच बायकांनी उचललं. खाणावळवालीला प्रत्येक मेंबर कुठल्या पाळीला आहे, कोण तिखट खातो, कुणाचा सोमवार आहे, सगळं पाठ असे. पैसे महिन्याचे, पगार झाल्यावर. म्हणजे अंदाज चोख, पण भांडवल कायम अडकलेलं. वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे दागिने. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांना संघटित करून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. कामगाराचा पगार थांबला की खाणावळवालीची चूलही अडायची, हे १९८२ च्या गिरणी संपात गिरणगावाने पुरतं पाहिलं.

खाणावळ ओळखीच्या माणसांची. अनोळखी माणसांनी एकत्र बसून खाणं हे मात्र आपल्या समाजाला बराच काळ पचलं नाही. पुण्यात १८९० मध्ये पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढं ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं, आणि त्यात रानडे-टिळकांसारखी माणसं होती, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतरही कितीतरी वर्षं हॉटेलांच्या पाट्यांवर जात लिहिलेली असे आणि दलित गिऱ्हाइकाची कपबशी बाहेर वेगळी टांगलेली असे. दादरला १९१० मध्ये मामा काण्यांनी हॉटेल काढलं, त्याचं नावच 'स्वच्छ उपाहारगृह'. बाहेरच्या खाण्याबद्दल लोकांच्या मनात केवढी धास्ती होती, याचा त्यावरून अंदाज येतो.

इराण्याने जातीचा प्रश्न विचारलाच नाही. संगमरवरी टेबल, लाकडी वाकवलेल्या खुर्च्या, पैसे टाका आणि बसा. मुंबईतलं कयानी १९०४ चं, पुण्यातलं गुडलक १९३५ चं. दोन्ही आजही चालू आहेत. इराण्याच्या मेन्यूकडे धंद्याच्या नजरेने पाहिलं तर मजा येते. चहा, ब्रून मस्का, बन मस्का, खारी, मावा केक, ऑम्लेट, खिमा. यातलं काहीही सकाळी सातला चालतं, दुपारी तीनला चालतं आणि रात्री आठलाही चालतं. खारी डब्यात टिकते, अंडं टिकतं, पाव बेकरीतून दिवसातून दोनदा येतो, चहा तर अखंड उकळतच असतो. अंदाज चुकला तरी फेकण्यासारखं फार थोडं. एका चहावर तासभर बसलेल्या माणसाकडे इराणी काणाडोळा करू शकला तो काही केवळ दिलदारपणामुळे नव्हे. जागेचा भाव वाढला तेव्हा मात्र हेच तासभर बसणं परवडेना, आणि कोपऱ्याकोपऱ्यावरचे इराणी एकेक करून गेले.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत हुशार उत्तर उडुप्याचं. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आसपास ते अजून बघायला मिळतं. कॅफे मद्रास १९४० चं, ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. उडुपीच्या कृष्णमठाच्या परंपरेतले शिवळ्ळी ब्राह्मण आचारी आधी बाहेर पडले. पुढे दक्षिण कन्नडमधले बंट, म्हणजे आपण ज्यांना सरसकट 'शेट्टी' म्हणतो ते, या धंद्यात मोठ्या संख्येने उतरले. १९७४ च्या कर्नाटकातल्या जमीनसुधारणेनंतर कुळांकडे जमिनी गेल्या आणि मुंबईकडचा ओघ आणखी वाढला.

उडुप्याची हुशारी पिठात आहे. तांदूळ आणि उडीद दुपारी भिजतात, रात्री वाटले जातात, पहाटेपर्यंत फुगून येतात. सकाळी त्याच्या इडल्या. पीठ थोडं सैल केलं की डोसा. संध्याकाळपर्यंत आंबटपणा चढला की उत्तप्पा, कारण वर कांदा-टोमॅटो-मिरची पडल्यावर तो आंबटपणा उलट बरा लागतो. बटाट्याच्या भाजीचंही तेच: मसाला डोशात तीच, पुरीबरोबर तीच, थोडी कोरडी करून बेसनात बुडवली की बटाटावडा. सांबार सगळ्यांना एकच. मेन्यूवर वीस नावं, पण मुदपाकखान्यात चार पातेली. आज डोसे कमी गेले आणि उत्तप्पे जास्त, तरी मालकाचं काही बिघडत नाही. पीठ संपल्याशी मतलब.

डोशाच्या तव्यापाशी उभं राहून पाहायला मिळालं तर जरूर पाहावं. आधी तव्यावर पाण्याचा हबका मारतात. चर्र आवाज होतो, वाफ उठते, आणि आचारी खराट्याच्या छोट्या केरसुणीने ते पाणी झाडून टाकतो. हे नुसतं तवा पुसणं नसतं. तवा फार तापलेला असेल तर पीठ पडल्या जागी धरतं, पसरत नाही. वाटी फिरवली की त्याचे तुकडे होतात. पाण्याने वरचा थर क्षणभर निवतो, तेवढ्यात पीठ गोल फिरवून घ्यायचं, आणि खालची धग पुन्हा वर येते तोवर जाळी पडायला लागते. ऐन गर्दीत दहा-बारा डोसे एका वेळी तव्यावर असतात. तवा सतत चालू असेल तरच हे तापमान हातात राहतं. रिकाम्या हॉटेलात, अर्ध्या तासाने आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाचा डोसा पांढरट किंवा करपलेला निघतो, त्याचं कारण हेच.

तसंच दुपारचं. कितीतरी उडुपी हॉटेलांत बारा ते तीन डोसा मिळत नाही, आणि नवखा माणूस वैतागतो. त्या तीन तासांत ऑफिसची माणसं येतात, प्रत्येकाकडे पाऊण तास, सगळ्यांना राइस प्लेट हवी. आधीच भरून ठेवलेल्या वाट्या, दोन चपात्या, भात, पापड. बसल्यापासून चार मिनिटांत ताट समोर आणि वीस मिनिटांत माणूस बाहेर. एका खुर्चीवर दुपारभरात चार-पाच जण जेवून जातात. ताटलीमागे नफा थोडाच, पण खुर्ची रिकामी राहत नाही. शेजारी अनोळखी माणूस आणून बसवतात तेही त्यामुळेच. 'शेअरिंग चालेल ना?' हा प्रश्न नसतो, माहिती असते.

अमर्याद थाळीवाल्याचं गणित वेगळं. तिथे पहिल्यांदा फरसाण, ढोकळा, जिलबी, मग पुऱ्या, मग फुलके आणि सगळ्यात शेवटी भात. महाग वस्तू छोट्या वाटीत, स्वस्त आणि पोटभरीचं गरम गरम आग्रहाने. त्यात लबाडी काही नाही. दहा जणांतला एखादा बारा फुलके खातो, बाकीचे चारात आटपतात, आणि रोजच्या सरासरीचा मालकाला बरोबर अंदाज असतो. पदार्थ ठरलेले आणि सगळ्यांना सारखे असल्यामुळे अमर्याद थाळी बहुतेक वेळा ताजी असते. परगावी दुपारी एक वाजता चांगल्या चालीच्या थाळीवाल्याकडे जाण्यात फारसा धोका नाही.

उडुप्याने पुढे पंजाबी पदार्थ घेतले तेव्हाही पिठाचीच युक्ती वापरली. सकाळी तीन ग्रेव्ह्या करून ठेवायच्या: कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजची पांढरी आणि लोणी-टोमॅटोची मखनी. फार तर पालकाची हिरवी. त्यांच्या मिश्रणांतून पनीर बटर मसाला, मेथी मटर मलाई, व्हेज हंडी, व्हेज जयपुरी, व्हेज काय वाटेल ते. व्हेज कोल्हापुरी नावाची जी लालभडक भाजी जगभर मिळते तिचा कोल्हापुरातल्या घरांशी संबंध तपासायला गेलं तर हाती फारसं काही लागणार नाही. ही टिंगल म्हणून सांगत नाही. चाळीस नावांमागे तीन ग्रेव्ह्या असल्या की त्या रोज संपतात, म्हणजे रोज नव्या होतात. प्रश्न येतो तो कार्डावरच्या कोपऱ्यातल्या पदार्थांचा, जे आठवड्यातून एकदा कुणीतरी मागतं. उडुप्याकडे बेक्ड व्हेजिटेबल आणि मिसळवाल्याकडे पावभाजी मागवणाऱ्याने तक्रार करू नये.

प्रवासात या गणितात एक नवीन गोष्ट येते. गल्लीतल्या हॉटेलाला तुम्ही उद्या पुन्हा यायला हवे असता. एसटीच्या थांब्यावरच्या हॉटेलाला तुमच्या परत येण्याशी काही देणंघेणं नसतं. गाडी तिथे थांबणारच आहे आणि तुम्ही तिथे उतरणारच आहात. तिथे राजी ठेवायचं ते ड्रायव्हर-कंडक्टरला, आणि त्यांचं जेवण वेगळं, बहुतेक वेळा बरं असतं. एकदा अशाच एका थांब्यावर गार सांबार ढकलत असताना मागच्या खोलीत वाहकमामांच्या ताटात वाफाळती भाकरी आणि पिठलं दिसलं होतं, ते मी विसरलेलो नाही. एसटी महामंडळाने मंजूर थांब्यांवर ३० रुपयांत चहा-नाश्त्याची योजना काढली होती ती या अडलेल्या गिऱ्हाइकासाठीच. एक्स्प्रेस-वेवरच्या फूड मॉलचंही तसंच, फक्त टाइल्स चकचकीत. तिथे एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने असते, ती म्हणजे गर्दी. शनिवारी सकाळी तिथला वडा कढईतून थेट हातात येतो.

'ट्रक थांबतात तिथे जेवण चांगलं' हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. त्यात निम्मं तथ्य आहे. ट्रकवाला त्याच रस्त्याने पुन्हा पुन्हा जातो, म्हणजे तो हायवेवरचा मेंबरच. पण त्याला गाडी लावायला मोकळी जागा, अंघोळीला पाणी, पाठ टेकायला खाट आणि जवळ पंक्चरवालाही हवा असतो. नुसते उभे ट्रक मोजण्यापेक्षा किती ड्रायव्हर ताटावर बसलेत आणि ते काय खातायत, हे बघितलेलं बरं. दाल आणि तंदुरी रोटी खात असतील तर आपणही तेच घ्यावं.

प्रवासातल्या खाण्याचा अंदाज सगळ्यात अचूक बांधला तो कर्जत स्टेशनने. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना ढकलायला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, आणि ती कर्जतला लागतात. गाडी काही मिनिटं थांबणार हे नक्की, कधी थांबणार हे वेळापत्रकात छापलेलं. दिवाडकरांचा बटाटावडा त्या मिनिटांवर मोठा झाला. कढईत घाणा कधी सोडायचा हे रेल्वेच सांगते आहे, याहून चांगला अंदाज कुठल्या हॉटेलवाल्याला मिळेल?

आता थोडं पोटाचं. अन्न बिघडवणारे जंतू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. त्याहून गरम किंवा त्याहून गार ठेवलेलं अन्न बरंच सुरक्षित. म्हणून परगावी सकाळी मिसळ हा फार चांगला पर्याय: कट अखंड उकळत असतो, फरसाण कोरडं असतं, पाव नाहीतर कोल्हापूरला ब्रेडच्या स्लाइस त्याच दिवशीच्या. शिवाय चांगला मिसळवाला दुपारपर्यंत गाशा गुंडाळतो. खोबऱ्याची चटणी मात्र जपून; ती उघड्यावर काही तासांत उतरते, आणि आंबूस वास आला तर मोठेपणा न करता बाजूला सारावी. भाताची गोष्ट त्याहून फसवी. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. ते विष पुन्हा परतूनही जात नाही. फ्राइड राइसला गार, मोकळा भात लागतो, त्यामुळे चायनीजच्या गाडीवर संध्याकाळीच भाताचा डोंगर रचलेला असतो. आठ वाजता, डोंगर उतरत असताना खाल्लेलं बरं. मध्यरात्री तळाशी राहिलेला भात घेऊ नये. तळणाच्या तेलाचा नियमही आहे: वारंवार तापवून त्यातली घातक संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायला २०१८ पासून बंदी आहे. गिऱ्हाइकाला टक्के दिसत नाहीत. काळपट, फेसाळ, चिकट तेल दिसतं, आणि तेवढं पुरतं.

कोकणात आणि गोव्यात ताजेपणाचं कॅलेंडर समुद्र ठरवतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना खोल समुद्रातल्या मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. या दोन महिन्यांत मालवणला बसून सुरमईची थाळी मागणाऱ्याला ती मिळतेही, पण ती बहुधा बर्फातली नाहीतर दूरच्या बंदरातली असते. त्या दिवसांत खाडीतली कोळंबी, तिसऱ्या, कुर्ल्या विचाराव्यात, नाहीतर सरळ सुक्या बांगड्याची किंवा सुकटीची चटणी आणि सोलकढी. घरोघरी तेव्हा तेच खातात. गोव्यात सकाळी मासळीच्या मागे लागूच नये. पणजीच्या कॅफे तातोसारख्या जुन्या ठिकाणी सकाळी पातळ भाजी, पाव आणि मिरचीची भजी खावीत; पोदेर, म्हणजे गोव्याचा पाववाला, नुकताच पाव टाकून गेलेला असतो. मासळीची थाळी दुपारी साडेबारा ते दोन या वेळेत, जेव्हा सरकारी ऑफिसातली माणसं जेवायला बाहेर पडतात. साडेतीनला उरलेल्या कढीत उरलेला बांगडा येतो.

अडचण होते ती दुपारी चारला भूक लागते तेव्हा. जेवण संपलेलं, रात्रीचं लागलेलं नाही, आचारी मागे आडवा झालेला. अशा वेळी मेन्यू कार्ड मागितलं तर सगळं मिळतं म्हणून सांगतात. 'ताजं काय आहे?' विचारलं तर वेटर 'सगळं ताजंच आहे, साहेब' म्हणणार. दुसरं काय म्हणेल? त्याऐवजी 'आत्ता काय निघतंय?' असं विचारून पाहा. तो वळून आत बघतो, मुदपाकखान्यात एक हाक मारतो आणि बहुतेक वेळा खरं सांगतो: चहाबरोबर कांदाभजी, घाणा आत्ताच सोडलाय, पाच मिनिटं बसा.